तिसऱ्या भागाचा शब्द

व्हिडिओ गेम बनवणारी ती कंपनी फक्त एक दिवस आधी सांगते. उद्या संध्याकाळी साडेसातला आम्ही आमचे येणारे खेळ जाहीर करू, जरूर बघा. बस्स. कुठले खेळ, काय, कशाचा पत्ता नाही. जपानात बसून ही माणसं एक ओळ टाकतात आणि इथे राजारामपुरीत माझ्या बॅचचं वाटोळं होतं. मी कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. बारावीची पोरं नेमकी त्याच वेळेला येतात, आणि दर खेपेला मला काहीतरी थाप मारून त्यांना दुसऱ्या दिवशी बोलवावं लागतं. आता तीही शहाणी झाली आहेत. मागे एकाने तोंडावर विचारलं, "सर, आज जत्रा हाय काय?"

जत्रा हे नाव विश्वजितने ठेवलेलं. वर्षातून दोन-तीनदा भरते, सगळे देव बाहेर काढतात, आणि आपला देव काही पालखीत नसतो, म्हणून जत्रा. आमचा देव म्हणजे 'नाइट रिव्हर'चा तिसरा भाग. हा खेळ दोघांनीच खेळायचा असतो. एकाने होडी वल्हवायची, दुसऱ्याने कंदील धरायचा. एकट्याने सुरू केला तर होडी काठावरून हलतच नाही. दुसऱ्या भागाच्या शेवटी होडी नदीच्या मधोमध येते, धुकं उतरतं आणि पडदा काळा होतो. त्यानंतर कंपनी जी गप्प बसली ती बसलीच. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. पुढे मला नोकरी लागली, लग्न झालं, डोक्यावरचे केस मागे सरकले, पण होडी अजून नदीतच होती.

विश्वजित माझा कॉलेजातला खोलीवरचा जोडीदार. मूळ गारगोटीजवळचा, उद्यमनगरात एका फाउंड्रीच्या ऑफिसात कामाला. वल्ही मी मारायचो, कंदील तो धरायचा. डेंग्यूचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात होत्याचं नव्हतं झालं. शुद्धीत असताना त्याने मला शेवटचं विचारलं ते काय, तर "तिसरा भाग सांगितला काय रे?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "सांगतील की." त्याचा विश्वास होता त्या कंपनीवर. माझा कधीच नव्हता.

त्याच्या रक्षाविसर्जनाला आम्ही सगळे वेदगंगेच्या काठाला गेलो होतो. मी, माझी बायको इरावती, आणि आमच्या टोळक्यातला सौमित्र, ज्याचं आठव्या गल्लीत औषधांचं दुकान आहे. विश्वजितला आवडणारं सगळं पानावर मांडलं होतं. भडंग, कांदाभजी, दुधाचा चहासुद्धा. कावळे समोरच्या करंजावर बसले होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. भावकी एकेक करून बोलायला लागली. चुलता आकाराम म्हणाला, "तुझ्या आईला काय कमी पडू देत न्हाय." कावळा आला नाही. कोणी म्हणालं, "म्हसरं इकणार न्हाय, घराला कुलूप लागणार न्हाय." नाही आला. बायका विश्वजितच्या आईला, बाळाबाई काकींना म्हणायला लागल्या, "तू बोल गं, तुझं ऐकंल त्यो." काकी वाळूवर नजर लावून बसल्या होत्या. नवरा आधीच गेलेला, आता एकुलता एक पोरगा. त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. ऊन चढलं. लोक चुळबूळ करू लागले.

आणि मी बोललो. कसा बोललो, देव जाणे. मी विज्ञानाचा माणूस, हे सगळं मनातल्या मनात थोतांड म्हणत उभा होतो, तरी तोंडातून निघून गेलं, "विश्वा, तिसरा भाग आला की मी तुझ्यासोबतच खेळणार. दुसऱ्या कुणासोबत नाही. तुझा कंट्रोलर कुणाच्या हातात देणार नाही. होडी पलीकडे नेऊ, मग जा."

कावळा झप्पकन खाली आला आणि भडंगात चोच घातली. माणसांनी सुटकेचा श्वास सोडला, आंघोळीला निघाली. आकाराम काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. फक्त बाळाबाई काकी मान वर करून माझ्याकडे बघत राहिल्या. ती नजर मला अजून दिसते.

कावळ्याला शब्द द्यायचा तो माणसाने आपल्या हातातल्या गोष्टीचा द्यावा. बहिणीचं लग्न, घराचं छप्पर, आईचं म्हातारपण. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे कळतं. मी मात्र सातासमुद्रापलीकडच्या एका कंपनीच्या जिवावर शब्द देऊन बसलो.

महिन्याभराने मी पहिल्यांदा कन्सोल सुरू केला. माझा कंट्रोलर माझ्या हातात होता. विश्वजितचा निळा कंट्रोलर टीव्हीखालच्या कप्प्यात पडून होता. पडद्यावर अक्षरं आली, दुसरा खेळाडू जोडला गेला. निळ्या कंट्रोलरचा दिवा लागला होता. मी म्हटलं, बटण अडकलं असेल. ते सोडवलं, दिवा बंद केला. फुटबॉलचा खेळ लावला. दुसऱ्या संघाचे अकरा खेळाडू मैदानात उतरले आणि उभे राहिले. हलले नाहीत. मी गोल केले, तरी नुसते उभे. शर्यत लावली, तर दुसरी गाडी सुरुवातीच्या रेषेवर इंजिन चालू ठेवून थांबलेली. तो काही खेळत नव्हता. तो फक्त आला होता आणि वाट बघत होता.

मी कारणं शोधली. तो माझा धंदाच आहे. बॅटरी पार संपू दिली, तरी दिवा लागला. इरावतीच्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवला, तर तो तिथे थरथरायचा आणि वरच्या कप्प्यातल्या बांगड्या किणकिणायच्या. बाकी दिवशी एकदा-दोनदा, पण जत्रेच्या दिवशी पहाटेपासून थांबायचंच नाव नाही. इरावती दातांची डॉक्टर आहे, घाबरट मुळीच नाही. तिने एके दिवशी मला शांतपणे सांगितलं, "अभिराम, एक तर तो खेळ येऊ दे, नाहीतर हे घराबाहेर जाऊ दे. मला या घरात झोप लागत नाही." मी म्हटलं, घराबाहेर नाही टाकू शकत. शब्द दिलाय. ती म्हणाली, "मग कंपनीला नवस बोल." मी बोललोही असतो, पण कुठल्या देवळात बोलायचा ते कळलं नाही.

बाळाबाई काकींना हे सांगायचा माझा विचार नव्हता. त्या एकदा घरी आल्या तेव्हा त्याची वस्तू म्हणून निळा कंट्रोलर नुसता बघायला त्यांच्या हातात दिला, तर तो त्यांच्या तळहातावर थरथरला. काकी घाबरल्या नाहीत. त्यांनी पदराने तो पुसला आणि विचारलं, "कवा कळतंय म्हणं त्या खेळाचं?" तेव्हापासून प्रत्येक जत्रेला काकी गारगोटीहून एसटीने येऊ लागल्या. सकाळचं दूध डेअरीला घालायचं, म्हशी जावेवर सोपवायच्या, गुळाच्या पोळ्यांचा डबा घ्यायचा आणि दुपारीच आमच्या दारात. सोफ्यावर मधोमध बसायच्या, शेजारी निळा कंट्रोलर. आणि दर पाच मिनिटांनी तोच प्रश्न, "आज सांगत्यात काय?"

"माहिती नाही, काकी."

"मुडदे इतकं कशापायी झाकून ठेवत्यात?"

सौमित्रला याचं फार कौतुक. म्हणायचा, आमच्यापेक्षा काकीच जास्त उतावीळ झाल्यात. जत्रा संपायची, तिसरा भाग नसायचा. आम्ही तोंडं पाडून बसायचो आणि काकी उठून पोळ्या वाढायला लागायच्या. "असूद्या रं, खावा. न्हाय सांगितलं तर न्हाय." तुपाची धार सैल हाताने सोडायच्या. मला भरून यायचं. पोराच्या सुटकेसाठी इतक्या लांब आलेली बाई आमची समजूत काढते, असं वाटायचं. रात्री त्या हॉलमध्येच झोपायच्या आणि त्या आल्या की बांगड्या वाजायच्या नाहीत.

तरीही त्या माझ्यावर मनातून रागावल्या आहेत, हे मला कळत होतं. बोलताना त्या माझ्या डोळ्यांत बघत नसत. मला वाटायचं, कारण उघड आहे. चुलत्याच्या शब्दाला कावळा आला नाही, आईच्या नावाला आला नाही, आला तो खेळाच्या नावाला. कुठल्या आईला हे सहन होईल? मी तर तिच्या पोराला तिच्यापेक्षा खेळ प्यारा होता, हे चारचौघांत सिद्ध करून दाखवलं होतं. त्यामुळे मला दुप्पट घाई झाली होती. तिसरा भाग यावा, होडी पलीकडे जावी, विश्वा सुटावा, इरावतीला झोप लागावी आणि या बाईने एकदा माझ्याकडे सरळ बघावं.

या वेळच्या जत्रेआधी इंटरनेटवर बोंब उठली होती. परदेशातल्या कुठल्याशा दुकानाने चुकून 'नाइट रिव्हर'च्या तिसऱ्या भागाचं नाव लावलं आणि तासाभरात काढून टाकलं, म्हणे. सौमित्र सकाळपासून दर गिऱ्हाइकागणिक मला फोन करत होता. "भावा, आज विषय संपला. आज सांगणारच." निळा कंट्रोलर पहाटेपासून धडधडत होता. काकी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. सौमित्रने त्यांना बातमी सांगितली, म्हणाला, काकी, शंभर टक्के आज. त्या "व्हय?" एवढंच म्हणाल्या आणि पाणी मागितलं.

साडेसातला सुरू झालं. काळ्या सुटातला साहेब आला, वाकून नमस्कार केला. मग एक मासे पकडायचा खेळ. मग जुनाच खेळ, नवा रंग लावून. मग स्वयंपाकाचा खेळ, ज्यात एक अस्वल केक करत होतं. "अरे, मरू दे ते अस्वल!" सौमित्र ओरडला. फुटबॉल आला. पुन्हा काहीतरी मासळीचंच. काकी प्रत्येक खेळानंतर विचारत होत्या, "ह्यो काय?" आणि मी नाही म्हटलं की डोळे मिटून घेत होत्या. मी त्यांचा हात धरला. हात थंडगार होता.

साहेबाने पुन्हा नमस्कार केला. संपलं, असं वाटलं. इरावती दिवा लावायला उठलीसुद्धा. तेवढ्यात पडदा काळा झाला आणि त्या काळ्यातून आवाज आला, पाण्यात वल्हं पडल्याचा.

मी ताडकन उभा राहिलो. धुकं होतं. धुक्यात होडी. होडीत दोघं बसलेले, एकाच्या हातात कंदील. इतक्या वर्षांनी ते तिथेच होते. कॅमेरा मागे गेला आणि लांबवर, अगदी लांब, काठावरचा एक दिवा दिसला. मग नाव आलं, आणि नावाखाली, येत्या दिवाळीत.

सौमित्र नाचायला लागला, अक्षरशः. इरावती रडत होती, मीही रडत होतो. वरच्या मजल्यावरच्यांनी पाय आपटले, त्याची कुणाला पर्वा नव्हती. निळा कंट्रोलर सोफ्यावर इतका उडत होता की घसरून फरशीवर पडला आणि तिथेही गरगरत राहिला. त्याचा आनंद, मला वाटलं. विश्वाचा.

"सांगितलं काय?" काकींनी विचारलं.

"सांगितलं, काकी! दिवाळीला येतोय."

"कुठल्या?"

"याच. चार महिने राहिले."

काकींनी फरशीवरच्या कंट्रोलरकडे बघत विचारलं, "किती दिस पुरतो खेळ?"

"पंधरा दिवस. फार तर महिना."

"आन् मग?"

"मग काय, होडी पलीकडे. शब्द पुरा. विश्वा सुटला, काकी."

"सुटला," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांनी त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. मला ते नको होतं, असं त्या क्षणी वाटलं.

"त्या दिशी नदीवर सगळी मला बोल म्हणत हुती," काकी म्हणाल्या. "मी बोललो न्हाय. का, ठाव हाय तुला?"

"नाही," मी म्हटलं.

"मला म्हाईत हुतं, मी जा म्हटलं की कावळा येणार. जल्मात त्यानं माझा शब्द मोडला न्हाय. म्हणून गप बसलो. म्हटलं, चढू दे ऊन. कट्टाळून जाऊ देत सगळी घरला. न्हाय शिवला कावळा तर न्हाय, माझं पोरगं माझ्याजवळ ऱ्हाईल. आन् तू मधीच त्वांड घातलंस."

सौमित्रने टीव्ही बंद केला. खोलीत फक्त फरशीवरची ती घरघर उरली.

"मग तुम्ही दर वेळी इथे..." मी म्हणालो.

"सांगत्यात का बघाया येत हुतो. सांगू नयेत म्हणून येत हुतो. न्हाय सांगितलं की बरं वाटायचं मला. पोळ्या वाढताना माझं त्वांड बघितलं न्हाईस व्हय रं?"

बघितलं होतं. शंभरदा बघितलं होतं, आणि बारावीला प्रकाशाचे नियम शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्यात समोरचं दिसलं नव्हतं. आम्ही तिघं पडद्याकडे डोळे लावून येऊ दे, येऊ दे म्हणत होतो, आणि आमच्या मधोमध बसून ही बाई येऊ नको, येऊ नको म्हणत होती. मला त्या क्षणी तिची दया आली नाही. खरं सांगायचं तर भीती वाटली.

"तू त्यो खेळ आणू नगोस, अभि."

"काकी, असं कसं?" इरावती मध्ये पडली. "त्याला असं अडकवून ठेवायचं? आणि आम्ही काय करायचं? मला या घरात झोप येत नाही."

"मला तितं येत न्हाय, बाई," काकी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "घरभर म्हशींशी बोलतो मी. हितं आलो की त्यो असतो. शेजारी हाय एवढं तरी कळतंय. तुम्ही खेळून मोकळी व्हाल. मी कुठं जाऊ?"

इरावतीने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे सांगत होते, नाही म्हण. आणि मला नाही म्हणायचंच होतं. मला सुटायचं होतं. वर्षानुवर्षं वाट बघितलेला खेळ खेळायचा होता, तो काठावरचा दिवा जवळून बघायचा होता. शब्द मी मेलेल्या मित्राला दिला होता, आणि मेलेल्याला दिलेला शब्द मोडला तर काय होतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण समोर जिवंत बाई बसली होती, तिने हात जोडले होते, आणि ते हात माझ्या आईच्या वयाचे होते.

"नाही आणत, काकी," मी म्हणालो.

काकी उठल्या. वाकून फरशीवरचा कंट्रोलर उचलला, पदराने पुसला आणि सोफ्यावर आपल्या जागेशेजारी ठेवला. लहान पोराला दटावावं तशा त्याला म्हणाल्या, "ऐकलंस न्हवं? बस आता हितंच." घरघर थांबली. दिवा मात्र विझला नाही.

दिवाळीत खेळ आला. सौमित्रने पहिल्या दिवशी घेतला, चुलत भावासोबत खेळून संपवला आणि शेवट सांगायला धावत आला. मी दारातच त्याला गप्प केलं. आमच्या घरी तो खेळ नाही, येणारही नाही. इरावतीने महिनाभर माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. आता ती रविवारी आईकडे जाते आणि बहुतेक वेळा तिथेच राहते.

काकींना आता जत्रेची गरज उरलेली नाही. त्या कधीही येतात. सोफ्यावर बसतात, कोणती म्हैस गाभण आहे, आकारामने कुणाशी भांडण काढलं, ऊस कधी गेला, सगळं त्या निळ्या दिव्याला सांगतात. मी आतून ऐकतो. त्यांचा चेहरा भरलाय, गालांवर रंग आलाय. तो त्यांच्याजवळ अगदी शहाण्यासारखा असतो, जरासुद्धा हालचाल नाही. जाताना त्या मला आता सरळ डोळ्यांत बघून म्हणतात, "येतो रं पोरा, संभाळ त्याला."

त्यांची रिक्षा वळली की टीव्ही आपोआप सुरू होतो, पडद्यावर तीच अक्षरं: दुसरा खेळाडू जोडला गेला. आधी तो नुसता उभा राहायचा. आता तो हलतो. कुठलाही खेळ असो, मैदान असो की रस्ता, तो चालत येतो आणि माझ्या माणसाच्या समोर, नाकाला नाक लावून उभा राहतो. मी मागे सरलो की एक पाऊल पुढे येतो. शब्द मीच दिला होता ना. आईने काहीही म्हटलं तरी विश्वजित तिच्यासमोर कधी तोंड वर करून बोलला नाही. मान खाली घालून ऐकून घ्यायचा, आणि खोलीवर आला की सगळा राग माझ्यावर काढायचा.